अत्यल्प, पण निश्चित

श्रोतेहो, २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. नवी पेठेतल्या एका दुकानात मी शर्टाचं कापड बघत होतो. मालक ओळखीचे. कात्री बाजूला ठेवून ते हळूच म्हणाले, "सर, ती कोव्हिशील्ड आम्ही घरच्या सगळ्यांनी घेतली होती. तिनं रक्तात गुठळ्या होतात म्हणे. कंपनीनंच कबूल केलंय. आता आमचं काय व्हायचं?"

मी काही वैद्य नव्हे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. पण तज्ज्ञांच्या एका वाक्याचं वाटेत काय झालं, एवढं मला त्यांना सांगता आलं. तेच आज तुमच्यापुढं मांडतो.

कोव्हिशील्ड ही ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनी यांनी विकसित केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली लस. अशा गुठळ्या हा या लसीचा अतिशय विरळा दुष्परिणाम म्हणून नोंदवावा, असं युरोपच्या औषध नियामक संस्थेनं ७ एप्रिल २०२१ रोजीच जाहीर केलं होतं. लसीचा फायदा धोक्याहून मोठा आहे, हेही त्याच वेळी सांगितलं होतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय समितीनं ४९८ गंभीर घटना तपासल्या. त्यांपैकी २६ घटना गुठळ्यांच्या असाव्यात असं तिला आढळलं. हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१, म्हणजे सुमारे सोळा लाख मात्रांमागे एक. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची वस्ती साडेनऊ लाख होती, यावरून अंदाज यावा. ब्रिटनमध्ये हाच आकडा दहा लाखांमागे ४ आणि जर्मनीत १० असा नोंदला गेला होता. समितीचा निष्कर्ष १७ मे २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचं सार एवढंच: धोका अत्यल्प आहे, पण निश्चित आहे.

आता हे वाक्य लोकांपर्यंत कसं पोचलं? गावोगावच्या भोंग्यांवरून ऐकू आलं, "लस पूर्ण सुरक्षित आहे." म्हणजे 'निश्चित' गळलं. मोबाइलवरच्या निरोपांत आलं, "लसीनं गुठळ्या होतात." म्हणजे 'अत्यल्प' गळलं. दोघांनीही अर्धं वाक्य उचललं, आणि गंमत अशी की दोघांनाही आपण तज्ज्ञांचंच सांगतो आहोत असं वाटत होतं.

पण खरं कामाचं होतं ते दोन्हीकडून गळालं. टोचल्यावर वीस दिवसांच्या आत श्वास लागला, छातीत दुखलं, हातापायांना सूज आली, डोकेदुखी थांबेना, तर लस घेतली त्या केंद्रात कळवा, असा सरकारचा सल्ला होता. लाखांतल्या ज्या एखाद्याला त्याची गरज होती, त्याला तो ठाऊक असणं जीवनमरणाचं होतं. "काही होत नाही" असं ऐकलेला माणूस डोकेदुखी अंगावर काढणारच.

मग २०२४ ची 'कबुली' कसली? ब्रिटनमधल्या दाव्यात कंपनीनं न्यायालयाला दिलेल्या कागदात हाच विरळा दुष्परिणाम मान्य केला. गोष्ट तीन वर्षं जुनी होती. पण कबुली म्हटलं, की आजवर काही लपवलं होतं हे न सांगताच गृहीत धरलं जातं.

मालकांना म्हणालो, "तो धोका टोचणीनंतरच्या काही आठवड्यांचा होता. तुम्हाला तीन वर्षं झाली. निर्धास्त असा."

ते म्हणाले, "बरं झालं विचारलं. सुनेनं या धास्तीनं नातवाची गोवराची लस थांबवलीय."

इथं मात्र माझ्या पोटात गोळा आला. गोवराची लस निराळी, कित्येक दशकं वापरातली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा लहान मुलं दगावली. एका लसीबद्दलच्या अर्ध्या वाक्याची भीती दुसऱ्या लसीवर अशी जाऊन बसते.

तेव्हा श्रोतेहो, अशी बातमी कानावर आली, की तीन प्रश्न विचारा. कितींमागे एक? टोचल्यापासून किती दिवसांत? लक्षण दिसलं तर कुठं जायचं? आणि सांगणाऱ्यांनीही लोक घाबरतील म्हणून 'पण' नंतरचे शब्द गाळू नयेत. पुढं ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडून कळतात, आणि मग आपल्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही.

दिवाळीच्या खरेदीला गेलो तेव्हा, नातवाची लस झाल्याचं मालकांनी आपण होऊन सांगितलं.