अंधाराच्या शोधात अंजनवेल

मुंबई-पुण्यातील एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून निरभ्र रात्री आकाशाकडे पाहिले, तर मोजके ठळक तारे आणि एखाद-दुसरा ग्रह एवढेच हाती लागते. आकाशगंगेचा पट्टा तर शहरात वाढलेल्या पिढीने बहुधा छायाचित्रांतूनच पाहिलेला असतो. ती छायाचित्रे टिपण्यासाठी अमावास्येच्या सुमारास कॅमेरे आणि ट्रायपॉड घेऊन शहराबाहेर पडणाऱ्या हौशी मंडळींची संख्या अलीकडे वाढते आहे. वांगणी, नेरळ ही मुंबईकर आकाशप्रेमींची जुनी ठिकाणे. आता मात्र शहरांचा उजेड त्यांच्याही पुढे गेल्याने अनेकांची पावले कोकणकिनाऱ्याकडे वळतात. गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे अशा प्रवासाचे एक बोलके उदाहरण आहे. दूर जाणे आणि अंधारात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या गावात चांगलेच कळते.

वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते, त्या दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावर अंजनवेल वसले आहे. खाडीच्या मुखावर खंदकाने वेढलेला गोपाळगड उभा आहे. जवळच टाळकेश्वराचे मंदिर आणि जहाजांना वाट दाखवणारे दीपगृह आहे. मुंबईहून येणारे गोवा महामार्गाने चिपळूण गाठून, तर पुण्याकडचे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरला येतात. दापोलीच्या बाजूने आल्यास दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गाडीसह खाडी ओलांडता येते. अंजनवेलपासून मुंबईचे हवाई अंतर सुमारे १६५ किलोमीटर, तर पुण्याचे सुमारे १३० किलोमीटर. पश्चिमेला अथांग समुद्र. कागदावर पाहता ही जागा ताऱ्यांच्या छायाचित्रणासाठी आदर्शच म्हणावी लागेल.

उजेडाचे गणित

शहराचा उजेड हवेतील धूलिकण आणि बाष्पावरून विखुरतो आणि आकाशावर पांढुरका पडदा धरतो. हा पडदा अंतराबरोबर झपाट्याने विरळ होतो. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांनी १९७० च्या दशकात केलेल्या मोजमापांतून निघालेला ठोकताळा आजही वापरला जातो. त्यानुसार एखाद्या शहरापासूनचे अंतर दुप्पट केले, की त्या शहरामुळे आकाशात पसरणारा उजेड साधारण साडेपाच पटींनी कमी होतो आणि अंतर चौपट केले, की तो बत्तिसाव्या हिश्शावर येतो.

या गणिताची दुसरी बाजू मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. दूरच्या महानगराचा उजेड जसा झपाट्याने मंदावतो, तसाच जवळचा लहानसा उजेडही तितक्याच झपाट्याने प्रभावी ठरतो. शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेल्या छायाचित्रकाराची रात्र पन्नास पावलांवरचा एक उघडा दिवा वाया घालवू शकतो.

अंजनवेलचा प्रश्न नेमका हाच आहे. गुहागरकडून गावाकडे येणारा रस्ता ज्या परिसराजवळून जातो, तो एकेकाळी ‘एन्रॉन’ या नावाने देशभर गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प. १९९९ मध्ये त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे तो नंतर सोपवण्यात आला. शेजारीच द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल आहे. अशा ठिकाणी सुरक्षिततेसाठी रात्रभर दिवे ठेवणे अपरिहार्यच असते. शहरे आणि कारखाने उजळावेत म्हणून ज्या गावाच्या वेशीवर वीजप्रकल्प उभा राहिला, त्याच गावी शहरवासीयांनी अंधार शोधत यावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

दिशा आणि ऋतू

म्हणूनच अंजनवेलला ‘आकाश किती काळे’ या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या दिशेला काळे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग, म्हणजे तिचे केंद्र, धनू राशीत वृश्चिकेच्या सीमेजवळ आहे. कोकणातून ते दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त ४३-४४ अंश उंचीवर दिसते. एप्रिलच्या मध्यावर पहाटे पावणेपाचच्या सुमारास ते या उंचीवर पोहोचते. परंतु दक्षिण ही गोपाळगडाच्या दृष्टीने प्रकल्पाची आणि गुहागरची बाजू. शिवाय उन्हाळ्यात किनाऱ्यावर बाष्प आणि धुरकट हवा असते. मेअखेरीस ढग जमू लागतात आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला, की आकाशाचा पडदाच बंद होतो.

ऑक्टोबरमध्ये मात्र पारडे फिरते. पावसाने हवा धुऊन निघालेली असते. महिन्याच्या मध्यावर सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासाने संधिप्रकाश पूर्ण सरतो, तेव्हा आकाशगंगेचे केंद्र नैर्ऋत्येला, म्हणजे समुद्राच्या अंगाला झुकलेले असते आणि पुढे अडीच तासांहून अधिक काळ क्षितिजावर राहते. नोव्हेंबरच्या मध्यावर हा अवधी जेमतेम तासाभराचा उरतो. समुद्रावर मासेमारी नौकांचे दिवे लुकलुकतात खरे, पण तेथे ना वस्ती असते, ना पथदिवे. मार्च ते मे ही सर्वसाधारण शिफारस बाजूला ठेवून अंजनवेलसाठी ऑक्टोबरमधील अमावास्येच्या आसपासची संध्याकाळ निवडणे त्यामुळे अधिक शहाणपणाचे.

छायाचित्रणाचे तंत्र फारसे अवघड नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे तासाला १५ अंश सरकतात. त्यामुळे शटर जास्त वेळ उघडे राहिले, की ताऱ्यांच्या बिंदूंच्या रेघा होतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी ५०० या संख्येला लेन्सच्या नाभीय अंतराने भागावे, असा जुना ठोकताळा आहे. २४ मिलिमीटरच्या लेन्सला त्यानुसार सुमारे २० सेकंद मिळतात. एफ २.८ इतके मोठे छिद्र, तीन हजारांच्या आसपास आयएसओ आणि एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने साधलेला फोकस एवढ्यावर सुरुवात करता येते. किनाऱ्यावरील दमट हवेत लेन्सवर दव धरते. ते टिपण्यासाठी कोरडे, मऊ कापड हाताशी हवे. डोळे अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे पाहताच हा सराव मोडतो. म्हणून साहित्य हाताळताना मंद लाल दिवा वापरतात. चालताना मात्र चांगली विजेरी आणि बूट हवेतच. रत्नागिरीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर फुरसे हा विषारी साप आढळतो. शेते, बागा किंवा किल्ल्याच्या परिसरात रात्री थांबण्यापूर्वी ग्रामस्थांना सांगून परवानगी घेणे, ही तर प्राथमिक गोष्ट आहे.

दिवे हवेत, पण कसे?

अंधार जपायचा म्हणजे गावांना दिव्यांविना ठेवायचे, असा अर्थ कोणी काढू नये. खाडीत उतरणारा मच्छीमार, रात्री परतणारी मुलगी, दवाखान्यात नेला जाणारा रुग्ण यांना उजेड हवाच. आक्षेप आहे तो आकाशाकडे वाया जाणाऱ्या उजेडाला. दीपगृहाचा झोत ज्यांना हवा त्या दर्यावर्दींच्या दिशेने टाकलेला असतो. उलट, झाकण नसलेला रस्त्यावरचा दिवा आपला बराच प्रकाश जेथे कोणालाच नको तेथे फेकतो. त्याला वरून आच्छादन घातले, तर रस्ता उजळतो आणि तारेही वाचतात.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून खालच्या बाजूला प्रकाश टाकणारे दिवे बसवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, केवळ उजेडाची दिशा बदलली.

घाई करण्याचे कारणही आहे. जगभरातील हौशी निरीक्षकांच्या २०११ ते २०२२ या काळातील नोंदींवरून ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी अधिक उजळ होत आहे. या वेगाने, जेथे आज २५० तारे दिसतात, तेथे जन्मलेल्या बालकाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० तारे दिसतील. कोकणात पर्यटन वाढते आहे. निवासस्थाने, उपाहारगृहे आणि त्यांचे रोषणाईचे फलक किनाऱ्यावर येत आहेत. अंधार पाहायला येणाऱ्यांसाठीच बांधलेल्या खोल्यांच्या दिव्यांनी तो अंधार संपावा, असे होऊ द्यायचे नसेल, तर त्याची सुरुवात येणाऱ्यांपासूनच व्हायला हवी. गाडीचे दिवे आणि विजेरी कामापुरतीच लावणे, मुक्कामाच्या ठिकाणी अंगणातला दिवा रात्री मालवण्याची विनंती करणे, एवढे तर प्रत्येकाला करता येते. समुद्रावर झुकलेली आकाशगंगा अंजनवेलहून आजही दिसू शकते. ती पुढेही दिसत राहावी, यासाठी लागणारा खर्च दिव्यावरच्या एका झाकणाएवढाच आहे.