बँड धुंडाळणारी रिग

जपानच्या आयकॉम कंपनीने २०१६ मध्ये आयसी-७३०० ही रिग (रेडिओ संच) बाजारात आणली आणि बघता बघता ती जगभरच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींच्या टेबलावर रुळली. अँटेनावरचा सिग्नल आधी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर न उतरवता ती थेट आकड्यांत बदलते, त्यामुळे टचस्क्रीनवरच्या वॉटरफॉल या सरकत्या चित्रात बँडचा मोठा पट्टा एका नजरेत दिसतो. तरीही स्कॅनिंगची जुनी सोय तिच्यात राखली आहे, आणि ते योग्यच झालं.

सुरुवातीची आणि शेवटची फ्रिक्वेन्सी पी१ व पी२ या दोन मेमरींत भरायची आणि स्कॅन सुरू करायचा. रिग एकेक टप्पा सरकते आणि प्रत्येक ठिकाणी एवढंच तपासते, की स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय) उघडला का? उघडला तर थांबायचं, नाहीतर पुढे. पुन्हा चालू होण्याची सोय निवडलेली असेल तर ती १० सेकंद थांबून पुढे निघते. सिग्नल मध्येच गेला तर २ सेकंदांनी. मात्र स्क्वेल्च आधीपासूनच उघडा ठेवला, तर हा स्कॅन सिग्नल आला तरी थांबत नाही. नवखे इथेच गोंधळतात.

एफएमवर हे सगळं सरळ चालतं, कारण बोलणारा क्षणभर गप्प राहिला तरी कॅरिअर (वाहक लहर) चालू असतो आणि चॅनेल ठरलेले असतात. शॉर्टवेव्हवर बोलण्यासाठी वापरतात त्या एसएसबी पद्धतीत कॅरिअरच नसतो. शब्द संपला की सिग्नल संपला. ठरलेले चॅनेलही नसतात, १४.१५० ते १४.३५० मेगाहर्ट्झ एवढा भाग ५० हर्ट्झच्या टप्प्यांनी चाळायचा तर ४,००० टप्पे होतात. त्यात वीज कडाडली किंवा शेजारचा एलईडी दिवा खरखरला तरी स्क्वेल्च उघडतो. रिगला ताकद कळते, माणूस कळत नाही.

समजा, १४ मेगाहर्ट्झवर रिग खालून वर सरकते आहे. कुणी बोलत असेल तर त्याच्या आवाजाचा खालचा काठ फिल्टरच्या वरच्या टोकाला आधी लागतो. स्कॅन तिथेच थांबतो आणि स्पीकरमधून येते नुसती चिरकी किलबिल, कारण आपण खऱ्या फ्रिक्वेन्सीच्या सुमारे दोन किलोहर्ट्झ खाली असतो. डायल हळूहळू वर फिरवत गेलं की आवाज उतरत उतरत माणसाचा होतो. हे शेवटचं जुळवणं कानानेच करावं लागतं. ‘फाइन’ स्कॅन याच अडचणीसाठी आहे. स्क्वेल्च उघडल्यावर तो थांबत नाही. ५० ऐवजी १० हर्ट्झच्या टप्प्यांनी सावकाश पुढे जातो, म्हणजे आवाज सुरात येण्याचा क्षण आपल्याला पकडता येतो.

अमेरिकी सैन्याने दुसरी वाट काढली. १९८८ च्या एएलई (आपोआप संपर्क जोडण्याच्या) मानकात रिसीव्हर सेकंदाला दोन किंवा पाच चॅनेल चाळत राहतो, आणि हाक मारणारा आपली हाक इतकी लांबवतो की चाळणारा त्या चॅनेलवर पोचेपर्यंत ती चालूच असते. हॅम मंडळीही ही पद्धत वापरतात.

वॉटरफॉल असताना हे सगळं कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. गजबजलेल्या १४ मेगाहर्ट्झवर वॉटरफॉलच बरा, तिथे स्कॅन पावलोपावली अडतो. पण वॉटरफॉल बघत बसावं लागतं. २८ किंवा ५० मेगाहर्ट्झचा बँड तासन्‌तास शांत असतो आणि अचानक उघडतो. तिथे स्क्वेल्च आवळून स्कॅन लावावा आणि आपण सोल्डरिंग करत बसावं.

साठवलेल्या फ्रिक्वेन्सीच चाळणाऱ्या मेमरी स्कॅनचा मला सर्वांत आवडणारा उपयोग बीकनसाठी, म्हणजे आपोआप खुणेचा सिग्नल देणाऱ्या केंद्रांसाठी. १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० या पाच फ्रिक्वेन्सींवर जगभरातल्या १८ बीकनांची पाळी लावलेली आहे. प्रत्येकाला १० सेकंद, तीन मिनिटांत एक फेरी. मोर्समध्ये कॉलसाइन, मग एकेका सेकंदाचे चार डॅश: १०० वॉट, १० वॉट, १ वॉट आणि ०.१ वॉट. पाचही फ्रिक्वेन्सी मेमरीत घालून ठेवाव्यात. स्कॅन २८.२०० वर थांबला आणि शेवटचा डॅशही कानावर आला, तर लगेच सीक्यू (कुणीही उत्तर द्यावं अशी हाक) द्यायला घ्यावं.