संथ जळणारी दारू

मॅग्नम रायफलीची काडतुसे घरी भरणाऱ्या अमेरिकी किंवा ऑस्ट्रेलियन शिकाऱ्याला विचारा, दारू कोणती घेतोस? 'जोरकस' असे उत्तर येणार नाही. तो म्हणेल, संथ जळणारी. नवख्या माणसाला हे उफराटे वाटते. एवढी मोठी रायफल, रानरेड्याला लोळवणारी गोळी, आणि दारू मात्र संथ?

मॅग्नम काडतुसाचे पोट मोठे आणि त्या मानाने गोळी जायची वाट अरुंद. त्यात पिस्तुलाची झटकन जळणारी दारू भरली, तर गोळी नीट हलायच्या आत सगळा वायू तयार होतो आणि पोलाद फाटते. संथ दारू गोळीच्या मागे मागे जळत राहते. गोळी पुढे सरकते, मागची जागा वाढते, तेवढ्यात आणखी वायू येतो, आणि दाब एकदम शिगेला न जाता नळीभर टिकतो. त्यासाठी कारखाने दाण्यांवर जळणे मंदावणारा लेप देतात, दाण्यांना आरपार भोके पाडतात. उलट बाजूचीही एक गोम आहे. अतिसंथ दारू फार कमी भरली, तर दाब कधीकधी अनपेक्षितपणे उसळतो. म्हणून कारखान्याने छापलेल्या कोष्टकाच्या वरही जायचे नाही आणि खालीही नाही. या छंदात धाडसाला जागा नाही. कारकुनाचा स्वभाव लागतो.

दुसरे महायुद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने सरकारकडे उरलेली दारू विकत घेऊन शिकाऱ्यांना विकायला काढली. त्यातली 4831 क्रमांकाची दारू मुळात 20 मिलिमीटर तोफेची. पुढे मॅग्नमवाल्यांची ती वर्षानुवर्षे लाडकी राहिली. मराठी तोफखान्यातल्या गोलंदाजाला यात नवल वाटले नसते. तोफेला भरड दारू, बंदुकीला बारीक, आणि कान्यावर टाकायचे रंजक त्याहून बारीक, हे तो रोजच पाहत होता. सोरा, गंधक आणि कोळसा तेच. दाणा बदलला की जळण्याचा वेग बदलतो.

साताऱ्याने याच दारूचा उलटलेला डावही पाहिला आहे. औरंगजेबाच्या वेढ्यात, एप्रिल 1700 मध्ये, मोगलांनी अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली सुरुंग पेरले. एकाने तट फोडला, किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली सापडून जिवंत बाहेर आला. दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूला, खाली हल्ल्यासाठी जमलेल्या मोगल फौजेवरच ढकलला आणि शेकडो माणसे गाडली गेली. दारू कमी पडली नव्हती. तिला कोणीकडे जायचे ते मोगलांच्या हातात राहिले नाही.

निवडलेली दारू सांभाळायची कशी, यावर मराठीत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राइतके नेमके कोणी लिहिले असेल असे मला वाटत नाही. 1716च्या सुमाराच्या या ग्रंथात दारूखाना घराजवळ नसावा, घराच्या वाऱ्याखाली नसावा, भोवती काटेरी कुसू असावे, दारू तळघरात माचावर ठेवावी, सरदी लागू देऊ नये आणि आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे बजावले आहे. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात ही तपशीलवार काळजी अनुभवातून आलेली असणार. ओलसर सोऱ्याचा बार फुसका जातो, आणि फुसका बार वाघासमोर असो की मोगलासमोर, महागच पडतो.

धूर नसलेली दारू आली तशी ओलाव्याची चिंता कमी झाली आणि उन्हाची सुरू झाली. 1889 मध्ये ब्रिटनमध्ये आबेल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट केले. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडी पेट्रोलियम जेली, सगळे दोऱ्यांसारखे ओढलेले. पहिल्या मिश्रणात नायट्रोग्लिसरीन 58 टक्के होते. ते इतके तापे की नळ्या झिजत. बोअर युद्धानंतर प्रमाण 30 टक्क्यांवर आणले गेले. 1912 मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने जी .375 मॅग्नम काढली, तिच्या काडतुसाचा लांब, निमुळता आकारही कॉर्डाइटच्या काळातलाच. तापलेल्या मुलखात रिकामे काडतूस अडकून न बसता सुटून यावे, हा त्या निमुळतेपणाचा फायदा.

पण कॉर्डाइट हवेप्रमाणे वागे. थंडीत जो भार सौम्य, तोच उन्हात तापलेला असला की दाब वाढवी. इंग्लंडच्या गारठ्यात तपासलेले काडतूस मे महिन्यात दहिवडी-म्हसवडच्या माळावर 40 अंशांत तासभर पडले, तर तेच काडतूस राहत नसे. म्हणून विलायती कारखाने भारत-आफ्रिकेसाठी मुद्दाम कमी भाराची काडतुसे काढत. साताऱ्यात तर एकाच जिल्ह्यात दोन्ही टोके आहेत: एकीकडे माणचा दुष्काळी माळ, दुसरीकडे पाच हजार मिलिमीटरहून जास्त पावसाचे महाबळेश्वर. फलटण, औंध, जत, मिरज, सांगली अशी संस्थानांची दाटी असलेल्या या मुलखात विलायती रायफल घेणाऱ्याने दोन्ही टोकांचा विचार करायला हवा होता. आज ऑस्ट्रेलियातल्या मुल्वाला कारखान्यात बनणाऱ्या काही दारू याच कारणासाठी नावाजल्या जातात. उन्हाने त्यांचा वेग फारसा हलत नाही.

राजकारणही दारूच्या पिशवीत हात घालते. 1907 मध्ये ब्रिटिश सरकारने भारतात .450 आकाराच्या गोळ्या बंद केल्या. चोरीला गेलेल्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींना त्या चालतील, ही भीती. कारखानदारांनी मग .465, .470, .475 असे आकार काढले, आणि जगभर मिरवणारी .470 जन्माला आली ती हिंदुस्थानातल्या शस्त्रबंदीच्या पोटी.

स्वातंत्र्यानंतर चित्र आणखी आटले. 1959च्या शस्त्र कायद्यात काडतुसे बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायच्या परवान्यात ते बसत नाही. त्यामुळे आपल्याकडे .375चे काडतूस घरच्या टेबलावर भरणारा छंदिष्ट सापडायचा नाही. लष्करी आकाराच्या रायफली बहुतेकांना मिळतच नाहीत. परवानाधारकाच्या हाती येते ती बहुधा .315, म्हणजे ऑस्ट्रियाच्या 8 मिलिमीटर मानलिखर काडतुसाची देशी आवृत्ती. तिची काडतुसे सरकारी कारखान्याची. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा आहे आणि काडतुसाच्या बुडावरची 'केएफ' ही अक्षरे त्याचीच. दारूचा प्रकार तिथेच ठरून येतो. ऐंशीच्या दशकात आयातही जवळपास बंद झाली, तेव्हा विलायती रायफलवाल्यांजवळ उरली ती जुनी काडतुसे. त्यांतल्या काहींचा बार क्षणभर थांबून सुटतो. अशा वेळी नळी लगेच उघडणाऱ्याचे डोळे आणि बोटे धोक्यात.

सातारा-सांगलीकडचा हातभरणीचा माणूस खरे तर वेगळाच आहे: पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी. शस्त्र कायद्याने त्याला स्वतंत्र जागा दिली आहे. प्रत्येक बार तो हाताने भरतो. मापाने काळी दारू, वर बोळा, छर्रे, गजाने दाबणे, शेवटी टोपी. मॅग्नमवाल्याचे कोष्टक त्याच्याजवळ नाही, पण नियम तोच, आणि तो मोडला तर शिक्षाही तीच. काळ्या दारूच्या नळीत तेवढीच धूर नसलेली दारू भरली की नळी फाटते. शिकार म्हणाल तर 1972च्या वन्यजीव कायद्याने ती संपवली, आणि बरे केले. ज्या टेकड्या उजाड पडल्या होत्या तिथे धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून सागरेश्वर उभे राहिले, 1985 मध्ये अभयारण्य झाले, आणि आता आजूबाजूचे शेतकरी तिथली हरणे पिकात येतात म्हणून कावतात.

दारूचा वेग हाताने ठरवण्याची विद्या जिवंत आहे ती तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदला. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे तिथे शोभेच्या दारूचे काम होते. औट उडतात, दारूकामाची झाडे पेटतात. झाड सावकाश फुलले पाहिजे आणि औट एका दमात वर गेला पाहिजे, म्हणजे दोन्हींची दारू सारखी चालत नाही. या गावाने स्फोटांत माणसेही गमावली आहेत. 2015 मध्ये एका कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेक कामगार गेले. परंपरेचे कौतुक करणाऱ्यांनी हे सोडून देऊ नये.

नेमबाजांकडे आले तर दारू निवडण्याचा प्रश्न निराळ्याच रूपात भेटतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, स्वप्निल कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला कांस्य मिळवले, दोघांचीही रायफल .22ची, आणि ते काडतूस पुन्हा भरता येत नाही. मग अव्वल नेमबाज आपली रायफल कारखान्याच्या चाचणीकेंद्रात नेतात, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसे शिकंज्यात धरलेल्या नळीतून उडवून बघतात, आणि कागदावर ज्याची भोके सर्वांत जवळ पडली त्या घाण्याची खोकीच्या खोकी उचलतात.