चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात चालतं का?

‘समोरच्याला न सांगता रेकॉर्ड केलंय ना, मग कोर्टात त्याची किंमत शून्य,’ असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी छातीठोकपणे सांगतोच. हे खरं नाही. 1964 साली मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे लाच मागितली. लाचलुचपत खात्याच्या पोलिसांनी कॉरोनरशी बोलणाऱ्या मध्यस्थाच्या संमतीने त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला. कॉरोनरला अर्थातच पत्ता नव्हता. कॉरोनरच्या नावावरून मलकाणी खटला म्हणून गाजलेल्या या प्रकरणात 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने ती टेप पुरावा म्हणून मान्य केली. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, तेवढी पुरली.

याचा अर्थ कुणाचंही बोलणं टिपायला मोकळीक, असा मात्र नाही. आपण ज्या संभाषणात नाही, ते मधल्या मध्ये चोरून ऐकणं हा 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारलाही मनमानी करता येत नाही. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयच्या एका लाच प्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं.

नवरा-बायकोचं काय? जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या खटल्यात असं गुपचूप रेकॉर्डिंग चालेल असं सांगितलं. कोर्टाने ते ऐकलं म्हणजे खटला जिंकला, असं मात्र नव्हे.

खरी फजिती वेगळीच होते. लोक व्हॉट्सअॅपवर आलेली, पुढून-मागून कापलेली क्लिप पेनड्राइव्हवर घालून वकिलाकडे जातात. आवाज कुणाचा, छेडछाड झाली का, हे सिद्ध करावं लागतं. शिवाय भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र हवं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवतात. एक सेकंद जरी कापला तरी ती बदलते. प्रमाणपत्राचा एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जालन्याच्या निवडणूक वादात ठामपणे सांगितली, तेव्हा पुराव्याचा जुना कायदा लागू होता. मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून मूळ उपकरणच सादर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून संभाषण पूर्ण ठेवा, अगदी आपल्या तोंडच्या शिव्यांसकट. आणि निकाल लागेपर्यंत रेकॉर्डिंग केलेला फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका.