पानावरून पडद्यावर

श्यामची आई : साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले पुस्तक. एकूण ४२ रात्री. रोज रात्री श्याम आश्रमातल्या सोबत्यांना आईची आठवण सांगतो. आचार्य अत्रे यांचा चित्रपट १९५३चा, आणि तोही पुस्तकाइतक्याच मायेने जपला गेलेला. वनमाला आई, माधव वझे श्याम. १९५४मध्ये, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक. २०२३मध्ये सुजय डहाके यांनी ही कथा पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल.

सिंहासन (१९७९) : चित्रपट एक, कादंबऱ्या दोन. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ यांची गुंफण पटकथाकार विजय तेंडुलकरांची. दिग्दर्शन जब्बार पटेल. पत्रकार दिगू टिपणीसच्या भूमिकेत निळू फुले.

बनगरवाडी : व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५चा. मध्ये ४० वर्षे.

आणखी : शाळा (मिलिंद बोकील), नटरंग (आनंद यादव), दुनियादारी (सुहास शिरवळकर).

हक्क : लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे रूपांतरासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. साने गुरुजी १९५०मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११पासून हक्कमुक्त.