घास अडतो तेव्हा : अकॅलेशियाची ओळख

मंडळाच्या पंगतीत दुसऱ्यांदा भात वाढायला येतात, तरी एखाद्याच्या पानात पहिली पोळी अर्धीच असते. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट, मध्येच उठून बाहेर जाणे. विचारले तर ‘जुनी ॲसिडिटी आहे’ एवढेच उत्तर मिळते. पुढे ती व्यक्ती चारचौघांत जेवायचेच टाळू लागते. असा त्रास महिनोन्‌महिने चालला असेल, तर त्यामागे अकॅलेशिया हा अन्ननलिकेचा विकार असू शकतो. तो विरळा असल्याने बरेचदा उशिरा ओळखला जातो.

नेमके काय बिघडते?

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास नुसता वजनाने खाली जात नाही. नळीचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावत त्याला ढकलतात. जठराच्या तोंडाशी स्नायूंचे एक कडे असते. एरवी ते मिटलेले असते, म्हणून जठरातले आम्ल वर येत नाही. आपण गिळतो तेव्हा ते काही सेकंद सैल होते. सैल होण्याचा निरोप नळीच्या भिंतीतील चेतापेशी देतात. अकॅलेशियात नेमक्या याच पेशी हळूहळू नष्ट होतात. मग कडे उघडत नाही आणि लाटही नीट उठत नाही.

कारणे

या पेशी का मरतात, याचे पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राला अजून मिळालेले नाही. बहुधा एखाद्या विषाणूसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटत असावी, असे मानले जाते. दक्षिण अमेरिकेत चागास रोगाच्या परजीवीमुळेही असाच विकार होतो. तिखट खाणे किंवा घाईने जेवणे ही याची कारणे नव्हेत. त्यामुळे रुग्णाला ‘सावकाश जेव’ म्हणून टोकण्यात अर्थ नाही.

विकार कसा वाढतो?

यात पोळीबरोबर पाणीही अडकते, आणि तेही बहुधा सुरुवातीपासून. अन्न साचून नळी फुगत जाते. रात्री आडवे झाल्यावर न पचलेले अन्न तोंडात येते, ठसका लागतो. ते श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. छातीत दुखते, वजन घटते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो.

तपासणी आणि उपचार

सुरुवातीच्या काळात एंडोस्कोपीत काही दिसेलच असे नाही. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत नळीचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. नळीतला दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीने निदान पक्के होते.

१६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून एका रुग्णाचा मार्ग मोकळा केल्याची नोंद आहे. आज फुग्याने कडे ताणतात किंवा शस्त्रक्रियेने त्याचे स्नायू कापतात. २००८ पासून तोंडावाटे दुर्बीण घालूनही हे करता येते. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण वाट मोकळी झाली की बहुतेक रुग्ण पुन्हा व्यवस्थित जेवू शकतात.

घास अडणे मात्र कर्करोगाचेही लक्षण असू शकते. आधी घट्ट आणि नंतर पातळ पदार्थ अडू लागले, तर विशेष घाई करावी. घरात कुणी ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढत असेल, तर त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. पुढच्या पंगतीला त्यांनी आपल्या शेजारी बसून जेवावे, एवढ्यासाठी तरी.