डायलिसिसच्या रुग्णाच्या फुप्फुसातील 'चुना'

डायलिसिसवर असलेला रुग्ण डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना धापा टाकू लागला, की घरचे म्हणतात, अंगात पाणी साठले असेल. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण कधी पाणी काढूनही दम जात नाही आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसांच्या वरच्या भागात डाग दिसतात. आपल्याकडे वर डाग म्हणजे क्षय, हे समीकरण पक्के! या रुग्णांना क्षयाचा धोका जास्त असतोच. तेव्हा थुंकीची तपासणी करायलाच हवी. मात्र क्षयाचा पुरावा मिळाला नाही, तर फुप्फुसात साठलेल्या कॅल्शियमचाही विचार करावा लागतो.

निरोगी मूत्रपिंडे जादा फॉस्फरस लघवीवाटे टाकतात आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देतात. ही कामे थंडावली, की रक्तात फॉस्फरस वाढतो, कॅल्शियम घटते आणि गळ्यातील पॅराथायरॉईड ग्रंथी जोमाने कामाला लागून हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढतात. मग बोअरिंगच्या पाण्याने गीझरच्या कॉईलवर थर बसावा, तसे क्षार रक्तवाहिन्यांत, हृदयाच्या झडपांत आणि फुप्फुसांत बसू लागतात. फुप्फुसाच्या वरच्या भागाला रक्ताच्या मानाने हवा जास्त मिळते. त्यामुळे तेथील आम्लता कमी असते व क्षार तेथे लवकर बसतात. विर्शो या जर्मन शास्त्रज्ञाने हा प्रकार १८५५ मध्येच वर्णिला होता.

पुष्कळांना काहीच त्रास होत नाही. साध्या एक्स-रेत हे क्षार अनेकदा ओळखू येत नाहीत, सी.टी. स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट दिसतात. हाडांच्या आयसोटोप स्कॅनमध्ये तर हाडांबरोबर फुप्फुसेही उजळतात.

उपचारात डायलिसिस पुरेसे होते की नाही, हे आधी पाहतात. आठवड्याच्या तीन पाळ्यांपैकी एक 'आज बरे वाटते' म्हणून चुकवणारे कमी नाहीत. फॉस्फरस आटोक्यात ठेवायचा, तर कोला, चीज आणि आपल्या खाडीकाठचे आवडते सुकट-बोंबील यांवर लगाम हवा. ग्रंथी फारच वाढल्या, तर शस्त्रक्रिया करतात. मूत्रपिंड-रोपणानंतर काहींचे क्षार कमी होतात, सर्वांचे नाही.

हाडे दुखतात म्हणून केमिस्टकडून परस्पर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणण्याची आपली सवय या रुग्णांना महागात पडते. डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी मात्र मनाने बंद करू नये. ती बहुधा अन्नातला फॉस्फरस पोटातच अडवण्यासाठी असते. म्हणून जेवतानाच घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर फॉस्फरस अडत नाही, उलट कॅल्शियम अधिक प्रमाणात रक्तात जाते.